निखळलेले कोपर : बसविणे आणि टिकविणे



या अंकातून आम्ही एरवी लागणीच्या तारखा, खताचे हप्ते, खोडव्याची निगा आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांविषयी लिहीत असतो. या खेपेस कोपराविषयी लिहीत आहोत. कारखान्याच्या पत्रिकेला कोपराशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण उसाच्या धंद्यात पडणे-आपटणे नवे नाही. रात्रीच्या पाळीला पाणी धरताना शेवाळलेल्या पाटावरून पाय सरकतो, भरल्या ट्रॉलीवरून उतरताना तोल जातो, बैल बुजतो, मोटारसायकल चिखलात घसरते. पडणारा माणूस आपसूक हात पुढे टेकतो, आणि साऱ्या अंगाचा भार त्या एका हातावर येतो. मोठ्या माणसांत खांद्याच्या खालोखाल निखळणारा मोठा सांधा म्हणजे कोपर.

गेल्या हंगामात आमच्या माहितीतल्या एका सभासदांचे असेच झाले. त्यांना आपण तात्या म्हणू. ट्रॉली भरून झाली होती, तात्या वर चढून दोर आवळत होते. दोर एकदम सटकला आणि तात्या पाठीमागे खाली आले. उजवा हात टेकला. कोपर मागच्या अंगाला निघून आले, हे शेजारच्या पोरालाही दिसत होते. मंडळींनी मोटारसायकलवर मधे बसवून त्यांना हाडे बसविणाऱ्याकडे नेले. त्याने ओढले, कट्‌कन आवाज झाला, तात्यांना हायसे वाटले. लेप, वर बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी. आठ दिवसांनी पट्टी सोडली तर कोपर पुन्हा मागे. पुन्हा ओढले, पुन्हा बांधले. असे तीनदा.

पाचव्या आठवड्यात तात्या आम्हाला गट ऑफिसात भेटले. डाव्या हाताने चिठ्ठी घेत होते. आम्ही विचारले, "तात्या, हाताचं काय?" तर म्हणाले, "बसतंय हो अण्णा, पण राहत नाही."

तात्यांच्या या चार शब्दांत सगळे दुखणे आले आहे. कोपर बसविणे हे एक काम आणि बसलेले कोपर जागेवर टिकविणे हे दुसरे. पहिले काम पुष्कळदा मिनिटाभरात होते. दुसरे काही हातांत आपोआप होते, तर काही हातांत शस्त्रक्रियेवाचून होत नाही. आपला हात यांपैकी कोणत्या जातीचा, हे बाहेरून चाचपून कळत नाही. ते कळण्यातच पाच आठवडे गेले तर काय होते, ते पुढे येईलच. आम्ही डॉक्टर नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून आणि वाचून जे समजले, ते आपल्या भाषेत मांडत आहोत.

कोपर उभे कशावर आहे

कोपरात तीन हाडे एकत्र येतात. वरून दंडाचे हाड येते. त्याचे खालचे टोक दोऱ्याच्या रिळासारखे, मधे खाचेचे असते. खालून करंगळीच्या बाजूचे हाड येते, त्याला अल्ना म्हणतात. त्याचे वरचे टोक पान्याच्या जबड्यासारखे असून ते रिळाला मागून-पुढून धरते. मागचा जबडा म्हणजे आपण टेबलावर टेकतो ते कोपराचे टोक. पुढचा जबडा लहान असतो, त्याला कोरोनॉइड म्हणतात. चढावर गाडी थांबली की चाकामागे आपण दगडाची उटी लावतो ना, तसे याचे काम. हात मागे सरकू पाहतो तेव्हा हा छोटा उंचवटा रिळाला अडतो. तिसरे हाड अंगठ्याच्या बाजूचे, रेडियस. त्याचा माथा गोल चकतीसारखा असतो. हात पालथा-उताणा करताना ही चकती फिरते, आणि बाहेरच्या बाजूने सांध्याला टेकूही देते.

हाडांच्या या जुळणीला दोन्ही बाजूंनी अस्थिबंधने, म्हणजे लिगामेंट, आवळून धरतात. बाहेरच्या बाजूचे एक, आतल्या बाजूचे एक. बिजागरी कितीही भक्कम असली तरी तिचे स्क्रू चौकटीतून उपसले तर दार लोंबते, तसेच इथे आहे. हाडे शाबूत पण बंधने तुटलेली, किंवा बंधनांबरोबर उटीही फुटलेली आणि चकतीही चिरलेली, असे निरनिराळे प्रकार होतात, आणि उपचार त्यावर ठरतो.

हात टेकून पडताना अंग त्या हातावर फिरते आणि सांध्याला पीळ बसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या ओड्रिस्कॉल, मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१-९२ च्या सुमारास हा पीळ नीट उलगडून दाखवला. बहुधा बाहेरचे अस्थिबंधन आधी तुटते, मग पुढचे-मागचे आवरण फाटते आणि सरतेशेवटी आतले बंधन. प्रत्येक अपघात याच क्रमाने जातो असे नाही, काहींत आतली बाजूच आधी जाते, असे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. पण बाहेरचे बंधन महत्त्वाचे, ही गोष्ट सर्वांनी मान्य केली आहे. त्याआधी १९६६ सालीच ऑस्बोर्न आणि कॉटरिल या इंग्रज डॉक्टरांनी वारंवार निखळणाऱ्या कोपरांत बाहेरची-मागची बाजू सैल पडलेली असते असे लिहून, ती हाडाला पुन्हा शिवून टाकण्याची पद्धत सांगितली होती. म्हणजे तात्यांचे दुखणे पुस्तकात येऊन अर्धशतक उलटले आहे.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागते का

नाही. आणि हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण दवाखान्यात गेले की चिरफाड करतातच या धास्तीने पुष्कळ मंडळी तिकडे वळत नाहीत.

कोपर निखळले, पण एकही हाड मोडले नाही, तर त्याला साधे निखळणे म्हणतात. ते भूल देऊन किंवा गुंगीत हलक्या हाताने बसवतात. मग तिथेच हात वाकवून, सरळ करून, दोन्ही बाजूंना किंचित दाबून पाहतात. सरळ होताना सांधा जागेवर राहिला तर झोळी किंवा पट्टी साधारण आठवडाभर, फार तर दोन आठवडे, आणि मग हालचाल सुरू. स्वीडनमध्ये अशा ३० रोग्यांवर एक अभ्यास झाला, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. काहींची बंधने शस्त्रक्रियेने शिवली, काहींची तशीच ठेवली. शिवल्याने काही विशेष फायदा झाला नाही. साध्या निखळण्यात फाटलेली बंधने बहुधा आपली आपण भरून येतात.

मात्र यात एक मेख आहे. हात कामट्यांत किंवा प्लास्टरमध्ये दीड-दोन महिने डांबून ठेवला तर कोपर आखडते. कोपरासारखा आखडणारा सांधा दुसरा क्वचितच असेल. "जितके दिवस जास्त बांधू तितके पक्के होईल" ही समजूत इथे उलटी पडते. तीन आठवड्यांच्या पुढे बांधून ठेवलेल्या कोपराची हालचाल परत मिळवणे जड जाते.

आता ज्यांना शस्त्रक्रिया लागते ते हात. बसवल्यावर हात सरळ करताना अर्ध्या वाटेतच सांधा सटकत असेल, बसवल्यानंतरच्या एक्स-रेत हाडांमध्ये फट राहून ती दिवसागणिक मिटत नसेल, सांध्यात हाडाचा तुकडा अडकला असेल, किंवा निखळण्याबरोबर हाड मोडले असेल, तर तो हात अस्थिर समजावा. यांतला सर्वांत खोडकर प्रकार म्हणजे तीन गोष्टी एकदम होणे : कोपर निखळलेले, रेडियसची चकती फुटलेली आणि कोरोनॉइडची उटीही तुटलेली. हॉचकिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ साली या तिकडीला ‘भयंकर त्रिकूट’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण त्या काळी अशा हातांचे निकाल फार वाईट येत. तात्यांचे हेच निघाले. पहिल्या दिवशी एक्स-रे काढला असता तर दोन्ही तुकडे दिसले असते.

इथे हाडे बसविणाऱ्या मंडळींविषयी दोन शब्द. त्यांच्यावर आमचा राग नाही. रात्री-बेरात्री दार उघडणारी, पैशाला अडून न बसणारी ही माणसे आहेत. पण एक्स-रे त्यांच्यापाशी नाही, आणि आत चकती फुटली की नाही हे बोटांना कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपावे. मूल पडून कोपर सुजले तर पुष्कळदा सांधा निखळलेला नसतो, कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडलेले असते. दिसते मात्र निखळल्यासारखेच. डॉक्टर ते ओळखतात कसे? वाकलेल्या कोपराच्या मागच्या बाजूला कोपराचे टोक आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे यांचा त्रिकोण होतो. सांधा निखळला तर तो त्रिकोण बिघडतो, वरचे हाड मोडले तर बहुधा तसाच राहतो. खात्री अर्थात एक्स-रेनेच. अशा मोडलेल्या हाताला निखळलेला समजून ओढले तर हाडाचे टोक रक्तवाहिनीत किंवा मज्जातंतूत घुसू शकते.

शस्त्रक्रियेत काय करतात

विहीर बांधताना तळापासून वर येतात, तसे सर्जन आतून बाहेर येतात. हा क्रम कॅनडातील मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ रोग्यांच्या अनुभवावरून २००४ साली मांडला, आणि पुढे तो बहुतेक ठिकाणी रूढ झाला.

आधी उटी. कोरोनॉइडचा तुकडा मोठा असेल तर स्क्रूने किंवा छोट्या प्लेटने बसवतात. चिमूटभर असेल तर स्क्रू त्यात मावत नाही. मग त्याला चिकटलेल्या आवरणासह दोऱ्यात ओवून, अल्नाला मागून भोके पाडून, दोरा पलीकडे ओढून गाठ मारतात. फारच लहान टोक असेल आणि बाकीचे सगळे दुरुस्त केल्यावर सांधा पक्का राहत असेल, तर काही सर्जन ते सोडूनही देतात. यावर डॉक्टरांत एकमत नाही. मात्र कोरोनॉइडचा आतल्या अंगाचा तुकडा एक्स-रेत क्षुल्लक दिसला तरी दगा देतो, म्हणून अशा हाताचा सीटी स्कॅन सांगितला तर खर्च नको म्हणून टाळू नये.

मग चकती. रेडियसचा माथा दोन-तीन तुकड्यांत फुटला असेल तर बारीक स्क्रूंनी जुळवतात. त्याहून जास्त चुरा झाला असेल तर जुळवलेले फार काळ टिकत नाही, असा अनुभव आहे. अशा वेळी चुरा काढून तिथे धातूचा माथा बसवतात. पूर्वी चुरा काढून जागा रिकामी सोडण्याची रीत होती. बंधने शाबूत असलेल्या हातात ते कधी खपून जाते, पण अस्थिर कोपरात चकती काढून मोकळी जागा ठेवणे म्हणजे आधीच डगमगणाऱ्या चाकाची खीळ काढून घेणे होय. कुणी "नुसता तुकडा काढून टाकू" म्हणाले, तर कोपर स्थिर राहील का, एवढा प्रश्न जरूर विचारावा. धातूचा माथा मापाचा हवा. उंच बसला तर समोरच्या हाडाची कूर्चा घासून जाते, आखूड बसला तर टेकू मिळत नाही. एकेकाळी हे माथे सिलिकॉनचे असत. ते आत झिजत, तुटत, म्हणून मागे पडले.

त्यानंतर बाहेरचे अस्थिबंधन. ते बहुधा दंडाच्या हाडापासून उपटलेले असते. हाडात भोके पाडून पक्क्या दोऱ्याने, किंवा अँकर नावाच्या दोरा लावलेल्या लहान खुंटीने, ते पूर्वीच्या जागी बांधतात. ही जागा नेमकी हवी. बिजागरीचा खिळा इंचभर बाजूला ठोकला तर दार मिटत नाही, तसे बंधन जरा इकडेतिकडे बांधले तर हात वाकताना ते ताणते किंवा ढिले पडते.

एवढे झाले की टेबलावरच, चालत्या एक्स-रेच्या यंत्राखाली, हात पूर्ण वाकवून-सरळ करून पाहतात. बहुतेक कोपरे इथवर आल्यावर जागेवर राहतात. नाही राहिले तर आतल्या बाजूचे बंधन शिवतात. तेवढ्यानेही भागले नाही तर दंडात आणि हातात पिना घालून बाहेरून बिजागरीची चौकट लावतात, म्हणजे सांधा धरलेला राहतो आणि हालचालही करता येते. ती लावायला अवघड असते आणि पिनांच्या तोंडाशी पू होण्याची भीती राहते. अलीकडे कातडीच्या आतच बसणारी लहान बिजागरी निघाली आहे, ती काही महिन्यांनी काढतात. जिथे हे काहीच मिळत नाही किंवा रोगी फार अशक्त आहे, तिथे सांध्यातून आरपार जाड तार घालून थोडे आठवडे सांधा अडकवून ठेवण्याचा जुना उपायही अजून वापरतात. त्यात कोपर आखडते, पण निखळलेल्यापेक्षा ते परवडते.

कधी पडताना कोपराच्या टोकाचे किंवा अल्नाचेच मोठे हाड मोडते आणि त्यामुळे सांधा सरकतो. तिथे हाडाला सरळ प्लेट लावली की सांधा बहुधा आपोआप जागेवर येतो. अल्ना मोडून रेडियसचा माथा निखळणे, हा प्रकार इटलीतील मिलानच्या मॉन्टेजिया यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी वर्णन केला होता. आजही मोडलेले हाड दिसते आणि निखळलेला माथा नजरेतून सुटतो, म्हणून एक्स-रेत कोपर पूर्ण आले पाहिजे.

आणि ज्यांचे बंधन जुने होऊन वितळल्यासारखे झाले आहे, टाके घ्यायला शिल्लकच नाही, त्यांचे काय? त्यांना दुसरीकडचा स्नायुबंध आणून नवे बंधन करतात. मनगट वाकवून अंगठा आणि करंगळी जुळवली की मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते, ती बहुधा वापरतात. कित्येकांच्या हाताला ती जन्मतःच नसते, आणि काही बिघडत नाही. अशी नवी दोरी आतल्या बाजूला घालण्याची शस्त्रक्रिया फ्रँक जोब या डॉक्टरांनी १९७४ साली टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉल खेळाडूवर केली. बेसबॉल म्हणजे गोफणीसारखे हाताने जोरात फेकण्याचे काम. तो गडी १९७६ ला पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याचे कोपर निखळले नव्हते, फेकून फेकून बंधन तुटले होते, हा फरक ध्यानात ठेवावा. पण दोरी बदलता येते, एवढे यातून समजते.

टाके पडल्यानंतर

सर्जनचे काम दोन-तीन तासांचे, पुढचे तीन महिने आपले. शस्त्रक्रिया करून सांधा पक्का करतात तो मुख्यतः लवकर हलवता यावा म्हणून. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे थोड्याच दिवसांत हालचाल सुरू करावी लागते. पुष्कळ ठिकाणी पाठीवर निजवून, दंड छताकडे उभा धरून कोपर वाकवायला-सरळ करायला लावतात. या स्थितीत हाताचे वजनच सांधा जागेवर दाबून ठेवते. बाहेरचे बंधन शिवलेले असेल तर हात पालथा ठेवून, आतले दुखावलेले असेल तर उताणा ठेवून व्यायाम देतात. कोपर अंगापासून बाजूला उचलून चहाचा कप, घागर, बादली उचलू नये, कारण तसे केले की सगळा ताण बाहेरच्या टाक्यांवर येतो. सरळ होण्याची घाई करू नये, आणि व्यायाम चुकवूही नये.

पूर्ण सरळ होणे पुष्कळांना जमत नाही. त्याची फार खंत करू नये. १९८१ साली मेयो क्लिनिकमध्ये मोजमापे घेऊन असे दाखवले गेले की, सरळ होण्यात ३० अंश कमी पडले आणि वाकणे १३० अंशांपर्यंत गेले, तर जेवणखाण, बटण, दाराची कडी अशी रोजची बहुतेक कामे होतात. कोयता चालवणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे याला जास्त लागते, ते डॉक्टरांना आपला धंदा सांगून विचारावे.

तेल लावून चोळणे, दुसऱ्याने जोर लावून हात सरळ करणे, हे अजिबात नको. दुखावलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूत जिथे नको तिथे हाड तयार होण्याची खोड असते. चोळण्याने आणि जोरजबरदस्तीने तिला खतपाणी मिळते. मग सांधा दगडासारखा होतो आणि ते हाड काढायला वर्षभराने वेगळी शस्त्रक्रिया. घरातल्या थोरल्या बायकांना हे आवर्जून सांगावे. मायेपोटीच चोळले जाते.

कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी शीर सांध्याला लागूनच आतल्या बाजूने जाते. अपघातात किंवा शस्त्रक्रियेनंतर ती काही काळ बधिर राहू शकते. बधिरपणा वाढत असेल तर लगेच दाखवावे.

तात्यांना उशीर काय पडला

तीन आठवडे उलटले की निखळलेले कोपर नुसते ओढून बहुधा बसत नाही. सांध्यात मांस भरते, मागचा स्नायू आखडून आखूड होतो, फाटलेली बंधने चुकीच्या जागी चिकटतात. पाचव्या आठवड्यात तात्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केले तेव्हा सर्जननी सांगितले, "आठवड्याभरात आला असता तर काम अर्धं होतं." सांधा उघडून आतले मांस काढावे लागले, मागचा स्नायू लांबवावा लागला, शीर सोडवून बाजूला ठेवावी लागली, आणि त्यानंतर उटी, चकती, बंधन हे वर सांगितलेले सगळे. चकती जुळण्याजोगी राहिली नव्हती, धातूचा माथा घातला. तो महाग असतो. खर्चाचा आकडा इथे देत नाही, पण खोडव्याच्या बिलाचा मोठा भाग त्यात गेला.

या बाबतीत एक माहिती. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात. आपली शस्त्रक्रिया कोणत्या नावाखाली बसते, कृत्रिम माथ्याचा खर्च त्यात येतो की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे. नंतर बिल दाखवून पैसे मिळतील, या भरवशावर राहू नये. तात्यांच्या घरचे याच ठिकाणी फसले.

आता फडात, वाटेत किंवा काट्यावर कुणी पडून कोपर वेडेवाकडे दिसू लागले तर काय करायचे? हात ओढायचा नाही, आहे त्या स्थितीत उपरण्याची किंवा टॉवेलची झोळी करून गळ्यात अडकवायचा. अंगठी, कडे, घड्याळ आधी काढायचे, कारण सूज भराभर चढते. बोटे हलतात का, बधिर आहेत का, गार-पांढरी पडलीत का, हे पाहायचे. मनगटाची नाडी लागत नसेल किंवा हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर एक मिनिटही घालवायचा नाही, १०८ ला फोन करावा. चहा-पाणी, खाणे देऊ नये, भूल द्यावी लागते. बांधलेल्या हाताची बोटे सरळ करताना जीव जाईल अशी कळ येत असेल तर पट्टी रात्रीच सोडावी आणि दवाखाना गाठावा. घट्ट बांधण्याने रक्त तुटून हाताचे स्नायू काही तासांत मरतात आणि बोटे कायमची आकडतात. जर्मनीच्या फोल्कमन यांनी १८८१ सालीच हे लिहून ठेवले आहे, आणि कामट्यांच्या घट्ट पट्टीखाली ते अजूनही घडते.

गट ऑफिसच्या शेतकी कर्मचाऱ्यांना आणि टोळीच्या मुकादमांनाही हा मजकूर वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. तोडणी कामगारांची घरे शंभर-दोनशे कोसांवर असतात. पडलेला माणूस हंगाम संपेपर्यंत हात बांधून कोपीत बसून राहतो आणि एक्स-रे गावी गेल्यावर निघतो. उचल फिटायची असते, म्हणून तो बोलत नाही. विचारायचे आपण.

तात्या परवा कारखान्यावर आले होते. हात पूर्ण सरळ होत नाही, पण घास तोंडापर्यंत जातो, सही करता येते. ट्रॉलीवरचा दोर आता थोरला मुलगा आवळतो, तात्या खाली उभे राहून त्याच्यावर ओरडत असतात.